शैक्षणिक तंत्रज्ञानाची पदवी : एक शास्त्रोक्त चिकित्सा

अभ्यासाचा विषय आणि अभ्यासाचे साधन ही दोन निरनिराळी असतात, असा विद्यापीठीय विषयांचा सर्वसाधारण नियम आहे. भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्याला ज्वालामुखीच्या मुखाशी बसून टिपणे काढावी लागत नाहीत आणि गुन्हेगारीशास्त्राच्या विद्यार्थ्याकडून प्रात्यक्षिकाची अपेक्षा कोणतेही विद्यापीठ, निदान लेखी स्वरूपात, करीत नाही. या नियमाला ठळक अपवाद म्हणून शैक्षणिक तंत्रज्ञान या विषयाच्या ऑनलाइन पदव्युत्तर पदवीकडे बोट दाखवता येईल. माणसाला शिकवण्यासाठी यंत्रांचा, माध्यमांचा आणि पद्धतशीर आराखड्यांचा उपयोग कसा करावा याचा विचार करणारे हे शास्त्र येथे यंत्राच्याच साहाय्याने शिकवले जाते, आणि त्यामुळे विद्यार्थी एकाच वेळी अभ्यासक, अभ्यासविषय आणि, सर्व्हर बंद पडल्यास, संशोधनातून वगळण्यात आलेला नमुना अशा तिन्ही भूमिका पार पाडतो.

ऑनलाइन पदवी कशाला म्हणावे हे आधी स्पष्ट केलेले बरे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० साली केलेल्या विनियमांत दूरस्थ आणि ऑनलाइन असे दोन प्रकार वेगळे मानलेले आहेत. दूरस्थ शिक्षणात छापील पुस्तकांचा गठ्ठा घरी येतो आणि अभ्यासकेंद्रावर अधूनमधून संपर्कसत्रे होतात, ज्यांत समंत्रकाचे मार्गदर्शन मिळते आणि मधल्या सुट्टीत वडापावाच्या गाडीवर खरे शंकानिरसन होते. ऑनलाइन शिक्षणात गठ्ठा नाही, केंद्र नाही आणि गाडीही नाही, सारे काही इंटरनेटवरून. अभियांत्रिकी, वैद्यक, विधी असे काही विषय या पद्धतीने शिकवण्यास आयोगाने मनाई केलेली आहे, म्हणजे पूल, मूत्रपिंड आणि मालमत्तेचे दावे यांबाबत धोका पत्करण्याची त्याची तयारी नाही. पुढच्या पिढीच्या शिक्षणाबाबत ती आहे. अशी पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष मानावी, असे आयोगाने २०२२ मध्ये स्वतंत्रपणे जाहीर केले. या स्पष्टीकरणाची छापील प्रत प्रत्येक विद्यार्थ्याने जवळ बाळगावी, कारण मुलाखतीत ती कोणी मागितली नाही तरी लग्नसमारंभात एखादे काका ‘ते सगळं ठीक आहे, पण कॉलेज नेमकं कुठे आहे?’ असे हमखास विचारतात.

अंतरावरून शिकवण्याची कल्पना अर्थातच नवी नाही. इंग्लंडमध्ये एका पेनीत कुठेही पत्र पाठवण्याची सोय १८४० साली झाली, तेव्हा आयझॅक पिटमन या एका लघुलेखनपद्धतीच्या जनकाने टपालाने धडे पाठवण्यास सुरुवात केली. विद्यार्थ्यांनी मजकूर लघुलिपीत उतरवून परत पाठवायचा आणि पिटमनने तो तपासून पुन्हा धाडायचा, अशी ती व्यवस्था होती. घोडागाडी आणि आगगाडी यांच्या भरवशावर चालणाऱ्या या व्यवस्थेत तपासलेला कागद परत येत असे, ही बाब ‘मूल्यमापन प्रक्रियेत आहे’ हा शेरा पडद्यावर महिनाभर पाहणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याला आख्यायिकेसारखी वाटते.

महाराष्ट्रात या पदवीकडे वळणाऱ्यांत सेवेतील शिक्षकांचा भरणा मोठा आहे, आणि त्यामागे प्रमाणपत्रांचा एक दीर्घ इतिहास आहे. २००१ पासून एमएस-सीआयटी या संगणक-साक्षरतेच्या अभ्यासक्रमाचे वर्ग गावोगावी सुरू झाले आणि शासकीय सेवेतील माणसाला माउस हाती धरणे हा वैयक्तिक आवडीचा प्रश्न राहिला नाही. बारा वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनंतर निवड वेतनश्रेणी, आणि दोन्हींसाठी प्रशिक्षण, या रचनेने शिक्षकाच्या मनात ज्ञान आणि वेतन यांचे नाते पक्के केले, जे तत्त्वज्ञांना अडीच हजार वर्षांत जमले नव्हते. त्यातच २०२० ची टाळेबंदी आली. ज्या शिक्षकाने मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून, मागे मुलाच्या परीक्षेच्या पुठ्ठ्यावर खडूने लिहून संपूर्ण वर्ष काढले, त्याला आपण केले त्याला शास्त्रात काहीतरी नाव असले पाहिजे अशी स्वाभाविक शंका आली, आणि त्या शंकेपोटी त्याने प्रवेशाचा अर्ज भरला. मुंबईत ठाकरसी महिला विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे आणि पवईच्या आयआयटीत २०१० पासून त्यावर संशोधन चालते. परंतु ज्याला सकाळी साडेदहाला कोणत्यातरी तालुक्यात हजेरीपटावर सही करायची असते त्याला पवई दूर पडते, म्हणून ऑनलाइन.

धर्मशास्त्राने अध्ययनासाठी ब्रह्मचर्याश्रम आणि कुटुंबपोषणासाठी गृहस्थाश्रम अशी जी वाटणी केली होती ती फार विचारपूर्वक केली होती, हे ऑनलाइन विद्यार्थ्याच्या दिनक्रमावरून सिद्ध होते. प्राचीन शिष्य घर सोडून गुरुगृही जात असे, लाकडे फोडीत असे आणि त्या बदल्यात विद्या मिळवीत असे. अर्वाचीन शिष्याच्या घरी गुरूच रात्री आठ वाजता पडद्यावर येतो, आणि लाकडांच्या जागी गॅस सिलिंडर लावणे, धाकट्याचे गणित, आईच्या गोळ्या आणि सोसायटीची बैठक ही कामे असतात, जी फोडून संपत नाहीत. विद्यार्थिनीच्या बाबतीत ही परिस्थिती आणखी शास्त्रशुद्ध होते. तिच्या व्याख्यानाच्या वेळीच घरातील प्रत्येक सदस्याला आपली वस्तू कुठे ठेवली आहे हे आठवेनासे होते, असा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की त्यावर एखादा लघुशोधनिबंध सहज होऊ शकेल.

अभ्यासक्रमाची सुरुवात विषयाच्या इतिहासाने होते, आणि हा इतिहास वाचताना शिक्षकाला आपल्याच मृत्यूच्या बातम्या क्रमाने वाचल्याचे समाधान मिळते. थॉमस एडिसनने १९१३ साली असे भाकीत केले की शाळांतून पुस्तके लवकरच कालबाह्य होतील, चित्रपटाद्वारे सर्व ज्ञानशाखा शिकवता येतील आणि दहा वर्षांत शाळांचा चेहरामोहरा पूर्ण बदलेल. (त्याच वर्षी मुंबईत दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला; फाळक्यांनी मात्र चित्रपटाकडून चित्रपटाचेच काम करून घेतले, हे त्यांच्या व्यवहारज्ञानाला धरूनच होते.) दहा वर्षे गेली, चित्रपट बोलका झाला, रंगीत झाला, पुस्तके जागच्या जागी राहिली आणि आजही त्यांना खाकी कव्हर घालण्याचा कार्यक्रम दर जूनमध्ये होतो. पुढे हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर १९५३ मध्ये आपल्या मुलीच्या वर्गात गणिताचा तास पाहण्यास गेले, सर्व मुलांना एकाच गतीने हाकले जाते आणि उत्तर बरोबर की चूक हे कळायला फार वेळ लागतो असे त्यांच्या लक्षात आले, आणि त्यांनी अध्यापन यंत्र तयार केले. आशयाचे अगदी छोटे तुकडे पाडावेत, प्रत्येक तुकड्यावर प्रश्न विचारावा आणि उत्तराबरोबर लगेच निकाल द्यावा, या त्यांच्या पद्धतीला क्रमान्वित अध्ययन म्हणतात. पालक शाळेत येऊन तास पाहून गेला की काय घडू शकते याचे हे उदाहरण असल्यामुळे शिक्षकवर्गात ते विशेष लक्षपूर्वक वाचले जाते.

भारतापुरते बोलायचे तर १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम दाखवण्याचा ‘साइट’ नावाचा प्रयोग झाला. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. वर्ष संपताच उपग्रह परत गेला. सरकारी कामासाठी उसनी आणलेली वस्तू ठरलेल्या तारखेला परत गेल्याची इतकी स्वच्छ नोंद अन्यत्र क्वचितच सापडेल. २००४ मध्ये भारताने एज्युसॅट हा केवळ शिक्षणासाठीचा स्वतःचा उपग्रह सोडला, २०१७ मध्ये ‘स्वयम्’ आणि ‘दीक्षा’ हे ऑनलाइन शिक्षणाचे शासकीय मंच आले, आणि परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचे जे काम केले त्याची दखल घेत २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला, तेव्हापासून महाराष्ट्रातील स्वाध्यायांत ‘स्थानिक उदाहरण द्या’ या प्रश्नाला एकच उत्तर येऊ लागले. पुरस्काराची निम्मी रक्कम डिसल्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, हा तपशील मात्र त्या उत्तरांत सहसा येत नाही, कारण तो तंत्रज्ञानात बसत नाही.

या साऱ्या इतिहासाचे सार लॅरी क्यूबन या अमेरिकी इतिहासकाराने १९८६ च्या ‘टीचर्स अँड मशीन्स’ या पुस्तकात काढले आहे: नवे यंत्र येते तेव्हा आधी जल्लोष होतो, मग त्याची उपयुक्तता सिद्ध करणारी संशोधने येतात, मग वर्गात ते फारसे कोणी वापरत नाही असे आढळते आणि शेवटी दोष शिक्षकाच्या माथी मारला जातो. महाराष्ट्रातील कोणत्याही शाळेच्या कपाटात प्लॅस्टिकच्या वेष्टनासह जपून ठेवलेला प्रोजेक्टर हे या सिद्धान्ताचे दृक् साधन म्हणून दाखवता येते. ते वापरण्यासाठी कपाटाची किल्ली लागते, आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे असते.

इतिहासानंतर सिद्धान्त येतात. बेंजामिन ब्लूम यांनी १९५६ मध्ये शैक्षणिक उद्दिष्टांची उतरंड मांडली आणि रॉबर्ट मेगर यांनी १९६२ मध्ये असा आग्रह धरला की उद्दिष्ट नेहमी डोळ्यांना दिसणाऱ्या कृतीत लिहावे. ‘विद्यार्थ्याला समजते’ असे लिहू नये, कारण समजलेले दिसत नाही, तर ‘विद्यार्थी सांगतो, ओळखतो, वर्गीकरण करतो’ असे लिहावे. अनुदेशनाचा आराखडा करण्याचे विश्लेषण, अभिकल्प, विकसन, अंमलबजावणी आणि मूल्यमापन हे पाच टप्पे १९७५ मध्ये फ्लोरिडा राज्य विद्यापीठात अमेरिकी लष्करासाठी तयार झाले. ज्या शिक्षकाने अध्यापक विद्यालयापासून ‘उद्दिष्टे आणि स्पष्टीकरणे’ असे दोन रकाने आखून पाठ टाचणे लिहिली, आणि ती न वाचताच केंद्रप्रमुखांनी त्यांवर सह्या केल्या, त्याला आपण वीस वर्षे अमेरिकी लष्कराच्या तोडीचे काम करीत होतो हे कळल्यावर होणारा आनंद, मेगरना मान्य होणार नाही इतपत, आतल्या आत असतो.

यानंतर वर्तुळे येतात. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोलर यांनी २००६ मध्ये मिशिगन राज्य विद्यापीठातून असे प्रतिपादन केले की शिक्षकाला आशयाचे, अध्यापनशास्त्राचे आणि तंत्रज्ञानाचे ज्ञान वेगवेगळे असून भागत नाही, तिन्ही एकमेकांत मिसळलेली असावी लागतात, आणि हे त्यांनी एकमेकांना छेदणाऱ्या तीन वर्तुळांनी दाखवले. मिश्रा हे स्वतः पवईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकलेले, म्हणजे जी गोष्ट शिकायला मराठी शिक्षक अमेरिकेकडे पाहतो तिचा अर्धा उगम पवई तलावाकाठी आहे. तीन वर्तुळांच्या मधोमध जो छोटासा भाग उरतो तेथे आदर्श शिक्षक उभा असतो. परीक्षेत ही आकृती बांगडीच्या साहाय्याने काढली असता तो भाग फार लहान येतो आणि वाटीने काढली असता फार मोठा, पण गुण दोन्हींना सारखेच पडतात.

सर्वांत मनोरंजक वाद मात्र रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्ये उकरून काढलेला आहे. त्यांचे म्हणणे असे की माध्यमे ही केवळ आशय पोचवणारी वाहने आहेत. किराणा माल आणणाऱ्या ट्रकमुळे जसा लोकांच्या आहाराचा पोषकपणा बदलत नाही, तसा माध्यमामुळे विद्यार्थ्याच्या संपादनात फरक पडत नाही, जो पडतो तो शिकवण्याच्या पद्धतीमुळे. रॉबर्ट कोझमा यांनी १९९१ मध्ये याला उत्तर दिले की माध्यम आणि पद्धत अशी वेगळी काढता येत नाहीत. वाद अजून मिटलेला नाही. क्लार्क बरोबर असतील तर तंत्रज्ञानावर एवढी पदवी कशासाठी, हा प्रश्न विद्यार्थ्याच्या मनात आल्यावाचून राहत नाही. परंतु तोपर्यंत दुसऱ्या सत्राचे शुल्क भरून झालेले असते, आणि शुल्काची पावती हे कोझमांच्या बाजूचे सर्वांत भक्कम प्रमाण ठरते.

‘स्वयम्’च्या धर्तीवर ऑनलाइन अभ्यासक्रमाचे चार भाग मानले जातात: चित्रफिती, वाचनसाहित्य, स्वयंचाचण्या आणि चर्चा. चित्रफितींबद्दल एवढेच सांगणे पुरे की त्या दीडपट गतीने पाहण्याची सोय असते, आणि त्यामुळे अत्यंत गंभीर प्रकृतीचे प्राध्यापकही लिलाव पुकारल्याच्या आवेशात रचनावाद समजावून सांगताना आढळतात. वाचनसाहित्य हे बहुधा एखाद्या पुस्तकाची तिरकी काढलेली पीडीएफ असते, जिच्या डाव्या समासात ते पुस्तक धरून ठेवणाऱ्या अज्ञात सेवकाचा अंगठा उमटलेला असतो. स्वयंचाचणीत चूक उत्तर दिल्यास ‘पुन्हा प्रयत्न करा’ असा संदेश येतो. चारच पर्याय असल्यामुळे चौथ्या प्रयत्नात प्रभुत्व प्राप्त होते, आणि स्किनरनी मागितलेला तत्काळ निकाल अशा रीतीने सार्थकी लागतो.

प्रत्यक्ष तासिकेची गोष्ट निराळी, आणि तिच्याकडे थोडे जवळून पाहणे अगत्याचे आहे. कॅलिफोर्नियाचे रिचर्ड मायर यांनी बहुमाध्यम अध्ययनाची जी तत्त्वे मांडली त्यांत एक पुनरुक्तीचे तत्त्व आहे: चित्र दाखवताना निवेदन ऐकवावे, पण तेच निवेदन पुन्हा शब्दशः पडद्यावर लिहू नये, कारण वाचणे आणि ऐकणे यांच्या ओढाताणीत शिकणे कमी होते. दुसरे एक सुसंगतीचे तत्त्व सांगते की विषयाशी संबंध नसलेली चित्रे, संगीत आणि सजावट वगळावी. आता ही दोन तत्त्वे ऑनलाइन शिकवली जातात ती अशी. आठ वाजून सात मिनिटांनी ‘माझा आवाज येतोय का सगळ्यांना?’ या प्रश्नाने आरंभ होतो आणि संदेशखिडकीत ‘येस मॅडम’ची रांग लागते. ‘स्क्रीन दिसतेय का?’ यालाही रांग लागते. मग पडद्यावर पुनरुक्तीच्या तत्त्वाची व्याख्या आठ ओळींत उमटते आणि मॅडम ती आठही ओळी, स्वल्पविरामांसह, वाचून दाखवतात. मग तीच मराठीत सांगतात. मग ‘म्हणजेच थोडक्यात’ असे म्हणून पुन्हा वाचतात. सुसंगतीच्या तत्त्वाच्या पानावर कोपऱ्यात एक घुबड डोळे मिचकावत पुस्तक वाचत असते, ज्याचा संबंध तासिका संपेपर्यंत स्पष्ट होत नाही. अखेरच्या पानावर गुलाबाचे फूल आणि ‘धन्यवाद’. या प्रकाराला कोणी दोष देऊ नये, कारण तत्त्व मोडले असता काय होते याचे एवढे परिणामकारक प्रात्यक्षिक दुसऱ्या कोणत्याही मार्गाने घडवता आले नसते. त्या रात्री ज्यांना काहीच समजले नाही त्यांना मायर पूर्णपणे समजले.

मायकेल मूर यांच्या मते दूरशिक्षणातील अंतर हे किलोमीटरमध्ये मोजायचे नसते. अभ्यासक्रमाची चौकट जितकी घट्ट आणि शिक्षक-विद्यार्थी संवाद जितका कमी, तितके हे अंतर मोठे. या मापाने पाहता ‘येस मॅडम’ हा सत्रभरातील एकूण संवाद असेल तर कराडचा विद्यार्थी आणि साताऱ्याचे प्राध्यापक यांच्यातील अंतर एटीएस-६ च्या कक्षेच्या आसपास भरते. ते कमी व्हावे म्हणून चर्चेला गुण ठेवलेले असतात. रँडी गॅरिसन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २००० मध्ये असे मांडले की ऑनलाइन वर्गात तीन प्रकारची उपस्थिती लागते, सामाजिक, बौद्धिक आणि अध्यापनाची. या सिद्धान्ताच्या आधारे ‘स्वतःचे मत दीडशे शब्दांत मांडा आणि किमान दोन सहाध्यायींना प्रतिसाद द्या’ असा नियम बहुतेक ठिकाणी रूढ झालेला आहे. मुदतीच्या रात्री साडेअकरानंतर या चर्चेला जो बहर येतो तो पाहण्यासारखा असतो. ‘सर, आपण फारच सुंदर मुद्दा मांडलात’ हा प्रतिसाद मुद्दा नसलेल्या ठिकाणीही लागू पडतो, आणि त्याखाली ‘धन्यवाद मॅडम, आपलाही मुद्दा सुंदर आहे’ असे लिहिल्यावर दोघांचेही दोन-दोन गुण पक्के होतात. सामाजिक उपस्थिती सिद्ध होते, बौद्धिक उपस्थितीला मुदतवाढ मिळते. खरी चर्चा प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यात कोणीतरी काढलेल्या व्हॉट्सअॅप गटावर चालते, जेथे सुप्रभाताच्या संदेशांमधून वाट काढीत ‘कोणी स्वाध्याय दोन केला का?’ हा मूलभूत प्रश्न विचारला जातो. त्यावर कोणीतरी फोन करून, स्वतःचे जेवण थंड होऊ देऊन, पंचेचाळीस मिनिटे समजावून सांगते. या माणसाची नोंद कोणत्याही सिद्धान्तात नाही, पण पदव्या त्याच्यामुळे मिळतात.

परीक्षा ही घरीच, पण पहाऱ्यात होते. आधी कॅमेरा फिरवून खोली दाखवायची: चारही भिंती, टेबलाची वरची बाजू, खालची बाजू आणि दोन्ही कान. भिंतीवरचे कालनिर्णय उतरवावे लागते, कारण त्याच्या मागच्या पानावर काय आहे याची संगणकाला खात्री नसते. देव्हाऱ्यातल्या तसबिरींबाबत मात्र निर्णय परीक्षकाच्या श्रद्धेवर अवलंबून असतो. त्यानंतर तीन तास नजर पडद्यावरून हलवायची नाही. मराठी माणूस आठवताना छताकडे पाहतो, आकडेमोड करताना ओठ हलवतो आणि उत्तर सापडल्यावर मान डोलावतो, आणि या तिन्ही गोष्टींची ‘संशयास्पद हालचाल’ म्हणून स्वतंत्र नोंद होते. ज्याने वीस वर्षे दहावीच्या परीक्षेत पर्यवेक्षक म्हणून रांगांतून येरझाऱ्या घातल्या आणि ‘खाली बघा’ एवढेच वाक्य उच्चारले, त्याला आता खाली बघितल्याबद्दल ताकीद मिळते. घरातील मंडळींना शेजारी पाठवलेले असते. तरीही अडीच तासांनी दार किलकिले होऊन चहाचा कप धरलेला एक हात आत येतो. त्या हाताची ओळख पटवण्याची कार्यवाही निकालाच्या दिवसापर्यंत चालू राहू शकते.

शेवटच्या सत्रात लघुशोधनिबंध असतो, आणि येथे मराठी शिक्षक घरच्या मैदानावर खेळतो. ‘इयत्ता सातवीच्या विद्यार्थ्यांच्या भूगोल विषयातील संपादनावर संगणक साहाय्यित अनुदेशन कार्यक्रमाच्या परिणामकारकतेचा अभ्यास’ हे शीर्षक, इयत्ता आणि विषय बदलून, पिढ्यान्पिढ्या चालत आलेले आहे. पद्धत अशी की विद्यार्थ्यांचे दोन गट करायचे, दोघांचीही पूर्वचाचणी घ्यायची, नियंत्रित गटाला नेहमीप्रमाणे शिकवायचे, प्रायोगिक गटाला संगणकावर शिकवायचे, उत्तरचाचणी घ्यायची आणि दोन्ही गटांच्या गुणांतील फरक योगायोगाचा आहे की खरा हे टी-मूल्य काढून तपासायचे. फरक नाही असे आधी गृहीत धरलेल्या विधानाला शून्य परिकल्पना म्हणतात, आणि ती ०.०५ सार्थकता स्तरावर त्याज्य ठरते. ती त्याज्य ठरली नाही असे कोणी पाहिलेले नाही. थॉमस रसेल यांनी १९९९ मध्ये असे ३५५ अभ्यास एकत्र केले, ज्यांत माध्यम बदलून शिकवल्याने काहीही लक्षणीय फरक पडलेला नव्हता. त्यांतला एकही आपल्या जिल्ह्यातला नसावा. आपल्याकडे फरक पडतोच, आणि त्याचे कारणही संशोधनपद्धतीच्या पुस्तकात नावीन्याचा परिणाम या शीर्षकाखाली दिलेले आहे: नव्या साधनाचे पहिले काही दिवस अप्रूप असते. प्रायोगिक गटाला संगणकाच्या थंडगार खोलीत नेलेले असते, नियंत्रित गट व्हरांड्यातून ते पाहत असतो, आणि भूगोलाचे नेहमीचे सर त्या दिवशी रजेवर असतात. एवढ्यावर गुण वाढले नाहीत तरच आश्चर्य.

निबंधाला साम्यतपासणीच्या सॉफ्टवेअरमधून जावे लागते, जे इतरांच्या लेखनाशी जुळणारा मजकूर शोधून त्याची टक्केवारी काढते. ‘ऋणनिर्देश’ या प्रकरणात हे साम्य सर्वाधिक भरते, कारण आईवडिलांचे आशीर्वाद, जोडीदाराचे सहकार्य आणि टंकलेखकाची तत्परता या तिन्हींची शब्दरचना महाराष्ट्रात एकच आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून दुसरी अडचण उभी राहिली असून, ज्या विद्यार्थ्याचे मराठी पूर्वी चुकांमुळे परत येत असे, ते आता चुका नसल्यामुळे परत येते.

पदवी मिळते. दीक्षान्त समारंभ ऑनलाइन असल्यास शालू आणि कोट कमरेपर्यंतच लागतो, प्रमाणपत्र डिजिलॉकरमध्ये जमा होते, आणि ते भिंतीवर लावता यावे म्हणून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे रंगीत प्रत काढून चौकट करून घ्यावी लागते. दुसऱ्या दिवशी शाळेत सत्कार होतो, नारळ दिला जातो, आणि माध्यमांचे तत्त्वज्ञान, संज्ञानात्मक भार व अनुदेशन अभिकल्प यांत पारंगत झालेल्या या शिक्षकाकडे मुख्याध्यापक लेखी आदेशाने नवा कार्यभार सोपवतात. त्यात यू-डायसची माहिती भरणे, सरल प्रणालीत आधार क्रमांक जुळवणे, शिष्यवृत्तीचे अर्ज वेळेत अपलोड करणे आणि प्रिंटरमधील अडकलेला कागद काढणे या चार बाबी असतात. कपाटाची किल्ली हा स्वतंत्र विषय असून त्यासाठी लेखी अर्ज करावा लागतो.